मोठ्या आतड्याची बढती

मागच्या हिवाळ्यात तुम्ही इकडे आलात, तेव्हा जेवताना आजोबांच्या छातीतून एकदम गुडगुड असा आवाज आला. धाकटीने घास हातातच धरून विचारलं, "आजोबा, तुमच्या आत कोण आहे?" थोरल्याने तिला टेबलाखालून लाथ मारली. ती मला लागली. आजोबा शांतपणे म्हणाले, "भाडेकरू हाये. खालच्या मजल्यावर राहे, आता वर आणला त्याले." तुम्ही हसलात, मी वरण वाढलं आणि विषय तिथेच राहिला.

उत्तर चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. अपुरी उत्तरं मी शाळेत तीस वर्षं लाल शाईने परत केली आहेत, तेव्हा हे पूर्ण करून पाठवते. तुमच्या आजोबांच्या छातीत, मधल्या हाडाच्या मागे, त्यांच्या मोठ्या आतड्याचा हातभर तुकडा बसवलेला आहे. हो, तेच आतडं. जेवणाचा शेवटचा अध्याय जिथे लिहिला जातो, ती नळी डॉक्टरांनी कापून वर आणली आणि पहिल्या अध्यायाला जोडली. अन्न उतरताना ती कुरकुरते. बढती मिळालेली माणसंही कुरकुरतात, मग आतड्याला काय बोलायचं.

हे मी आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. दोन पानांत ते हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डासारखं दिसायला लागलं. शिवाय तुमची आत्याआजी इंग्रजीत काही केल्या बोलेना, आणि तिच्याशिवाय ही गोष्ट होत नाही. तुम्ही तिला पाहिलंत ते खाटेवर, कमी ऐकू येणारी, तुमच्या हातात गुळाचा खडा ठेवणारी. ती आजोबांची मोठी बहीण. त्या काळात आमच्या घरातलं सर्वोच्च न्यायालय तीच होती. तेव्हा थोरला रांगत होता आणि धाकटी कुठेच नव्हती.

सुरुवात एका नियमापासून होते आणि तो नियम माझा होता.

आपल्याकडे पाणी वरून पितात हे तुम्ही पाहिलं आहे. गडवा असो की बाटली, ओठ लावायचा नाही. मान मागे टाकायची, तोंड उघडायचं आणि धार सोडायची. ओठ लागला की भांडं उष्टं. बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, एका बाटलीतून दहा माणसं पितात, तिथे पद्धत बरी आहे. पण मी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, इंग्रजी शाळेत जंतूंची रंगीत चित्रं पाहिलेली. लग्न होऊन दवनीवाड्याजवळच्या ह्या गावात आले आणि ह्या साध्या पद्धतीचा मी कायदा करून टाकला. पाहुण्यांनाही सूट नव्हती. तुमच्या बाबांना पाचव्या वर्षी ठसका लागून नाकातून पाणी आलं, तरी कायदा सैल झाला नाही.

आजोबा ह्यात उस्ताद होते. बाटली वीतभर वर धरायचे, घशाचं दार सताड उघडं ठेवायचे आणि अर्धी बाटली आत जाईपर्यंत कंठ हलायचा नाही. गावातली पोरं बघायला थांबत. मला त्याचा अभिमान वाटे. बायकोला नवऱ्याच्या कशाकशाचा अभिमान वाटेल सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या बाटल्यांची. मी बाटली फेकत नाही. धुते, वाळवते आणि ओसरीतल्या फळीवर उंचीप्रमाणे लावते. उजवीकडे पिण्याच्या पाण्याच्या. डावीकडे फिनाईल, रॉकेल आणि तेजाब. सायकलला निळा कॅन बांधून "तेजाऽऽब" ओरडत येणारा माणूस तुम्ही पाहिलेला नाही. आपली बाटली घेऊन जायचं, तो भरून द्यायचा. संडासाच्या फरशीवर ओतलं की फसफस होऊन डाग जात. डावीकडच्या प्रत्येक बाटलीवर माझ्या अक्षरात पांढरी पट्टी चिकटवलेली असे.

त्या दिवशी मे महिना होता आणि उन्हाळी धानाची मळणी चालू होती. सकाळी तेजाबवाला येऊन गेला. मी नवी बाटली भरून घेतली, पट्टी कापली, तिच्यावर नाव लिहिलं, डिंक लावला, चिकटवायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात दिसलं की फळीची डावी बाजू मी नुकतीच पुसलेली, अजून ओली आहे. ओल्या फळीवर बाटली ठेवली की बुडाचा गोल डाग पडतो. म्हणून ती बाटली मी पाच मिनिटांसाठी उजवीकडे ठेवली. माझ्या आयुष्यातली सगळी अव्यवस्था मिळून एवढीच, पाच मिनिटांची, आणि तीसुद्धा डाग पडू नये म्हणून.

आजोबा खळ्यावरून आले. घामाघूम, डोक्यावर भुसा. बाटली उचलली, मान मागे टाकली, धार सोडली. तेजाब जरा पिवळट असतं, पण उन्हातून सावलीत आलेल्या माणसाला सगळंच पिवळट दिसतं. ओठ लावून प्यायले असते तर पहिल्याच थेंबाला जिभेने आरडाओरड केली असती. पण आमच्या घरात जिभेला विचारायची पद्धतच मी ठेवली नव्हती. दोन मोठे घोट थेट आत.

त्यांनी बाटली जागेवर ठेवली. हे मी विसरत नाही. जागेवर, उजवीकडे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, पानी खराब झालं," आणि खाली बसले.

पुढचे क्षण गोंधळाचे. शेजारीण मिठाचं पाणी घेऊन धावली, ओकारी काढायला. आत्याआजी तुपाचा डबा घेऊन आली. मी दोघींवर वर्गात ओरडते तशी ओरडले, "काही द्यायचं नाही! ओकारी काढायची नाही! जे जाळत खाली गेलं ते वर येतानाही जाळेल!" हे मला डॉक्टरी शिकून नव्हतं माहीत. बाजारात विकत मिळणाऱ्या संडास-क्लीनरच्या लेबलावर बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं. मी लेबलं वाचते. लोक हसतात. आयुष्यभर लेबलं वाचल्याचा एवढा एक उपयोग झाला.

शेजाऱ्यांच्या जीपमधून गोंदियाला नेलं. तिथल्या दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "क्या पिया?" मी म्हटलं, "एसिड." दुसरा प्रश्न, "जानबूझकर?" मी रागाने म्हटलं, "जानबूझकर कोणी फळीवर बाटली परत ठेवतं का?" तरीही पोलीस आलाच, कायदा आहे तसा. कोवळा शिपाई, हातात वही. आजोबांना बोलता येत नव्हतं, लाळ गळत होती, म्हणून त्यांना कागद दिला. शिपायाने विचारलं, "बाबाजी, घरी भांडण झालं होतं काय?"

आजोबांनी लिहिलं, "रोज होते."

शिपायाचा चेहरा पडला. तो माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहायला लागला. आजोबांनी कागद परत मागून घेतला आणि खाली भर घातली, "पण आज व्हायचं होतं."

तिथून नागपूर. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीची नळी घालून आत पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "अन्ननलिका खूप भाजली आहे, पोटही भाजलं आहे. पण तोंड आणि जीभ जवळजवळ कोरी आहेत. असं कसं झालं?"

आत्याआजीने अभिमानाने सांगितलं, "आमच्या घरी बाटली उष्टी नाही करत कोनी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

तीन आठवड्यांनी आजोबा घरी आले, पातळ भात खात होते, आणि आम्हाला वाटलं सुटलो. सुटलो नव्हतो. भाजलेली जागा भरताना आकसते, हे त्वचेवर तुम्ही पाहिलं असेल. आतल्या नळीचंही तसंच होतं, फक्त दिसत नाही. आधी पोळी अडकायला लागली. मग भात. मग मऊ भात. मग पेज. श्रावणात पाणीसुद्धा चमच्याने घ्यावं लागे आणि त्यातलं अर्धं परत येई. दर पंधरा दिवसांनी आम्ही गोंदियाहून गाडीने नागपूरला जायचो. तिथे घशातून एक तार आत सरकवत आणि तिच्यावरून बोटाएवढ्या जाडीच्या नळ्या, एकापेक्षा एक जाड, आत घालून आकसलेली जागा ताणत. आजोबा त्याला "नाली साफ करणं" म्हणत. आठ दिवस नाली बरी चाले. नवव्या दिवशी पुन्हा तुंबे.

सप्टेंबरात स्वतःची थुंकीही खाली जाईना. त्यांच्यासाठी झाकणाचा स्टीलचा डबा ठेवला. त्यावर मी इंग्रजीत पट्टी लावली, पाहुण्यांना कळू नये म्हणून. ह्या सगळ्यात त्यांनी खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, सोडला नव्हता हे मला फार उशिरा कळलं. डब्यात लाल रंग दिसला तेव्हा मी घाबरून रक्त म्हणून नागपूरला फोन लावला. फोन लागायच्या आत ते म्हणाले, "ठेवा. सुपारी हाये."

"तुम्हाला लाज नाही वाटत?"

"मॅडम, जगात एकच गोष्ट हाये जे गिळाची नाही, थुकाचीच राहते. तेही बंद करता काय?"

मी बंद केलं. त्या सुपारीवरून तुमची आजी आणि आजोबा जेवढं भांडले तेवढं लग्नाच्या देण्याघेण्यावरूनही कोणी भांडलं नसेल.

वजन उतरत गेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पोटाला डाव्या बाजूने छोटं भोक पाडून थेट लहान आतड्यात एक बारीक नळी घातली. आता जेवण त्यातून. मी भिंतीवर वेळापत्रक लावलं. दर दोन तासांनी गाळलेली पेज, डाळीचं पाणी, दूध, फेटलेलं अंडं, सिरिंजने हळूहळू. आजोबा सगळ्यांबरोबर जेवायला बसत. त्यांच्या पुढ्यात ताट नसे, पोटाजवळ मी असे.

"आज काय हाये?"

"डाळीचं पाणी."

"मीठ टाकलं काय?"

"टाकून करायचं काय? चव कोण घेणार?"

"आतडी घेते. तिले समजते सगळं."

हसायचो आम्ही. हसलो नसतो तर मला ती नळी धरता आली नसती.

नागपूरला डॉक्टरीणबाईंनी एकदा आम्हा तिघांना समोर बसवलं आणि औषधाच्या चिठ्ठीमागे चित्र काढलं. ताणून आता उपयोग नाही, ऑपरेशन करावं लागेल. एरवी पोटाचीच पिशवी वर ओढून नळी करता येते, पण ह्यांचं पोटही आकसलंय. म्हणून मोठ्या आतड्याचा तुकडा, त्याच्या रक्तवाहिन्या तशाच ठेवून, छातीतून मानेपर्यंत आणायचा. मी वहीतले प्रश्न विचारले. सातव्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "तुम्ही टीचर होतात का?"

"कशावरून?"

"प्रश्नांना नंबर आहेत."

आत्याआजीला मात्र एकच प्रश्न होता आणि त्याला नंबर नव्हता. ती चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "हे आतडी म्हंजे… ते जे खाली राहते ते?"

"हो आजी."

"हागाची?"

"हो."

आत्याआजीने पदर सावरला. "मंग त्याच्यातनं भात जाईल? देवाले निवेद दाखवलेला भात? उठ रे भाऊ."

आणि आजोबा उठले. मला वाटलं होतं ते थट्टेवारी नेतील, पण ते खरंच उठले. गाडीत मी विचारलं तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बहीण म्हणते ते खोटं नाही. मी सारी उमर बाटली उष्टी नाही केली. आता त्या नळीनं जेवू?" मला ओरडावंसं वाटलं. पण ज्या घरात ओठ लागला म्हणून मी गडवा पुन्हा घासायला लावत असे, त्या घरात शुद्ध-अशुद्धावर भाषण करायचा अधिकार मी स्वतःच घालवून बसले होते. आमगावपर्यंत जाणारी गाडी होती आणि आम्हाला गोंदियाला उतरायचं होतं. उतरेपर्यंत मी थुंकीचा डबा मांडीवर धरून बसले.

महिनाभर हे असं चाललं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की नळीवर माणूस जगतो, पण झिजत जगतो, आणि थुंकी छातीत उतरली तर न्यूमोनिया होऊन जातो. आजोबा झिजत होते. त्यांच्या हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं होतं.

मग दिवाळी झाली आणि नवं धान घरात आलं.

नवं धान आपल्याकडे सरळ शिजवून कोणी खात नाही हे तुम्हाला माहीत नसेल, कारण तुम्ही नेहमी नाताळात येता, तोवर सगळं झालेलं असतं. एक दिवस ठरवतात. नव्या तांदळाचा भात दुधात शिजवतात, देवापुढे ठेवतात, आणि मग घरच्या कर्त्याने पहिला घास गिळायचा. तो घास खाली गेला की घरचे सगळे, गडीमाणसांसकट, जेवायला बसतात. त्याआधी नव्याचा एक दाणाही कोणी तोंडात टाकत नाही.

मी आत्याआजीला म्हटलं, "आक्काजी, ह्या वर्षी मुलगा आला की त्याच्याकडून करून घेऊ."

"कर्ता जिता हाये. मंग पोरगा काऊन खाईल?"

"त्यांच्या नळीतून नव्या तांदळाची पेज देऊ. पोटात गेलं की झालं."

"वो मास्तरीन, पोटाच्या भोकातनं गेलं ते खाणं नोहोय. ते भरणं हाये. पोतं भरतो तसं."

मी पाट पुसून मांडला.

आजोबा पाटावर बसले. कपाळाला गंध, अंगावर सैल झालेला सदरा. आत्याआजीने बोराएवढा घास दिला. त्यांनी चावला. खूप वेळ चावला. आम्ही सगळे ताटं पुढे घेऊन बसलो होतो, ओसरीत गडी बसले होते, आणि सगळ्यांच्या नजरा त्या एका कंठावर. कंठ वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. डोळ्यांत पाणी आलं. घास तोंडातच होता. शेवटी ते उठले, मागच्या दाराने गाईच्या गोठ्याकडे गेले आणि थुंकले.

आत्याआजीने भाताचं पातेलं झाकलं आणि उचलून गाईला नेऊन घातलं. परत येऊन म्हणाली, "जुनं शिजवा." आणि त्या दिवसापासून आमच्या घरात सगळ्यांनी जुना तांदूळ खाल्ला, किडे निवडून. कोठी नव्याने भरलेली, आणि आम्ही तळातलं खरवडत होतो. गडीही तेच जेवून कामाला जात. तेच आजोबांना सोसवेना.

चार दिवसांनी आत्याआजीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या डॉक्टरनीले फोन लाव. मले बोलायचं हाये."

मी लावला, स्पीकरवर टाकला.

"बाई, मी त्याची बहीण बोलून राहिली. ते आतडी तुम्ही धुता काय?"

"हो आजी. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस औषध देऊन पूर्ण साफ करतो."

"पूरी?"

"अगदी पाण्यासारखं स्वच्छ बाहेर येईपर्यंत."

"आनि ते आतडी त्याचीच राहील न? दुसऱ्या कोनाची त नाही लावणार?"

"त्यांचीच, आजी."

"बस झालं."

फोन ठेवला तेव्हा आजोबा दारात उभे होते. आत्याआजीने सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि निकाल दिला. "पाह्य भाऊ. दुसऱ्याचं उष्टं चालत नाही. आपलं उष्टं आपल्याले चालते. लहानपणापासून आपल्याच ताटात उरलेलं खाल्लं का नाही आपण? ते आतडी तुहीच हाये. जा, लावून घे."

माझ्या नंबर घातलेल्या प्रश्नांनी जे झालं नाही ते ह्या एका वाक्याने झालं. आजोबा म्हणाले, "मॅडम, थैली भरा."

ऑपरेशन जानेवारीत झालं. सकाळी आत नेलं, दिवेलागणीला बाहेर आणलं. तुमचे बाबा विमानातून उतरून तसेच आले होते. थोरल्या, तुझा फोटो त्यांच्या मोबाईलवर होता, तो आजोबांना शुद्धीवर आल्यावर पहिला दाखवला. त्यांनी बघितला आणि खूण करून विचारलं, ह्याला दात आले का? त्या क्षणी त्यांना जगातल्या फक्त खाणाऱ्या माणसांची चौकशी होती.

मानेत डाव्या बाजूला आतड्याचं वरचं टोक जोडलेलं असतं. सहाव्या दिवशी तिथून थुंकी झिरपायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं, बहुतेक वेळा आपोआप बंद होतं, वाट पाहायची. वाट पाहणं हे एकच काम मला व्यवस्थित करता येत नाही. मी वहीत दर तासाला पट्टीचा ओलेपणा लिहायला लागले. आत्याआजी खाटेशी जमिनीवर बसून म्हणाली, "लिहून कायले राहिली? नवा नळ बसवला का पहिले गळतेच. चुना बसला का बंद होते." चुना बसला. बाराव्या दिवशी पट्टी कोरडी निघाली.

मग त्यांना एक्स-रेच्या पडद्यापुढे उभं करून पांढरं औषध प्यायला दिलं. मला काचेमागून बघू दिलं. पांढरी धार मानेतून उतरली, छातीत आली, गाठी-गाठीच्या पिशवीतून वळणं घेत, अजिबात घाई न करता, पोटात पोचली. मी तीस वर्षांत इतका सुंदर नकाशा फळ्यावर काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिलं साधं पाणी. डॉक्टरीणबाईंनी पेला हातात दिला. आजोबांनी काय केलं असेल? मान मागे टाकली, पेला वीतभर वर धरला.

"अहो!" डॉक्टरीणबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाजूच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. "ओठ लावून! ओठ लावून, घोट घोट! आता परत कधीही वरून प्यायचं नाही!"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागत होते. चाळीस वर्षांचा कायदा होता तो. मी म्हटलं, "लावा."

त्यांनी पेल्याला ओठ लावला, एखाद्या गुन्हेगारासारखं इकडेतिकडे बघत. घोट घेतला. थांबले. गेला.

म्हणून आपल्या घरात आता प्रत्येकाची बाटली वेगळी आहे, प्रत्येकीवर नाव आहे, आणि तुम्ही वरून पाणी प्यायची गंमत करायला गेलात की मी एवढी चिडते. तेजाब घरात येत नाही. डावी आणि उजवी बाजूही आता नाही, कारण ती फळीच मी काढून टाकली. आजोबा थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खातात, डोकं उंच ठेवून झोपतात, जेवून लगेच आडवे झाले तर सगळं वर येतं. तोंडाला कधी कधी वास येतो, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. वेलची आहे घरात.

नव्याचं सांगायचं राहिलं. मार्च आला तोवर नवं धान चार महिने कोठीत पडून होतं. सूर्य तापायला लागला होता आणि पुढच्या उन्हाळी धानाला ओंब्या फुटल्या होत्या. आम्ही नवं खायला बसलो तेव्हा ते जुनं झालं होतं. तरी आत्याआजीने दुधात भात शिजवला, देवापुढे ठेवला, आजोबांना पाटावर बसवलं. ओसरीत गडी, आत आम्ही, सगळी ताटं पुढे आणि सगळ्यांच्या नजरा त्याच जागी. फक्त ह्या वेळी कंठाच्या डाव्या बाजूला एक लांब व्रण होता.

बोराएवढा घास. आजोबांनी तो चावला. डॉक्टरीणबाईंनी बत्तीस वेळा सांगितलं होतं, मी मनात मोजत होते, त्यांनी चाळीस केले. कंठ वर गेला, खाली आला. मग काहीच नाही. आजोबा ताठ बसून राहिले, डोळे समोर, जणू घरात कोणी आलंय आणि पावलं ऐकतायत. मी उठायच्या बेतात होते. थुंकीचा डबा कुठे आहे हेही मला माहीत होतं.

तेवढ्यात त्यांच्या छातीतून आवाज आला. गुडगुड. लांबलचक, रेंगाळत, वरून खाली.

गड्यांपैकी एकजण दचकला. आत्याआजीने कान दिला, पूर्ण संपेपर्यंत ऐकलं, आणि पातेल्यात डाव घातला.

"पोचलं," ती म्हणाली. "वाढा."